घुमटातली हाक

रेवदंड्यापासून दिघीपर्यंतच्या किनाऱ्यावर आमच्या मावशीच्या यजमानांइतका दणदणीत आवाज देवाने दुसऱ्या कोणालाही दिला नव्हता. मावशीला ऐकू कमी येई, दर वर्षी आणखी कमी. म्हणून काका ओरडून बोलत. पण त्याची इतकी सवय जडली होती की पूजेला बसले तरी देवाला दटावल्यासारखे मंत्र म्हणत. विहिरीवरून ‘अगो, पंचा!’ अशी आरोळी गेली की मावशीच्या आधी शेजारच्या घरांतून पंचे हजर होत. आज त्यांच्याकडे वाल शिजणार की कुळीथ, काकांना रात्री झोप लागली की नाही, सगळं आळीला तोंडपाठ. ‘अगो’पलीकडे त्यांनी बायकोला कधी हाक मारली नाही, नाव घ्यायची तेव्हा रीतच नव्हती. मावशीला मात्र एक धास्ती होती. ती माझ्या आईला म्हणायची, “एक दिवस ऐकू यायचं साफ बंद होईल गो, आणि शेवटचं ऐकलेलं काय, तर पंचा!”

एकोणीसशे तीसच्या सुमाराला आम्ही मुरूडला एका मुंजीला गेलो होतो. इतकं आलोच आहोत तर खोकरीचे घुमट बघू, असा मावशीने हट्ट धरला. “थडगी कसली बघायची! आमच्या रेवदंड्याचा कोट काय वाईट आहे?” हे काका बैलगाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत ऐकवत होते. मोठ्या घुमटाच्या दारात म्हातारा राखणदार पुढे आला. “मालक, जरा हलू बोला. आतमंदी सिद्दींची मोठी मानसं निजलीत.”

काका आत गेले आणि गप्पच झाले. दगडी जाळ्यांतून आलेलं ऊन हिरव्या चादरींवर सांडलं होतं, आणि वर तो घुमट असा काही उचलला गेला होता की मान मोडेपर्यंत बघावं. इतका मोठा दगड इतका हलका कोणी केला असेल! आयुष्यात प्रथमच माझे हात नकळत जोडले गेले. काका टोपी काढून वर बघत होते. भान हरपून हळूच म्हणाले, “बघितलंस का, यमुने?”

घुमटाने ते शब्द उचलले, फिरवले, चारी बाजूंनी खाली सोडले. पलीकडच्या जाळीपाशी उभी असलेली मावशी गर्रकन वळली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“पुन्हा म्हणा,” ती म्हणाली.

काका लाजले. एवढा माणूस, पण रेवदंड्यापर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र विहिरीवरून पंच्याची आरोळी आली आणि आळीचा जीव भांड्यात पडला.

काही वर्षांनी मावशी गेली. काकांचा आवाज आपोआप खाली आला. त्यांच्याकडे काय शिजतं, शिजतं तरी का, आळीला काही कळेनासं झालं. एकदा मला म्हणाले, “खोकरीला येतोस?”

आम्ही गेलो. मी बाहेर पायरीवर बसलो. आतून अगदी हलक्या आवाजात तिचं नाव आलं, घुमटभर फिरलं आणि विरलं. पुन्हा म्हणा असं कोणी म्हणालं नाही. बराच वेळ वाट बघून काकांनी पुन्हा म्हटलं.