फडताळातलं उरलंसुरलं

चावीबाईला कुणी खरं नाव विचारलं तर तिला क्षणभर आठवावं लागतं, इतकं ते वापरातून गेलं आहे. किनाऱ्यालगतच्या सात घरांच्या चाव्या तिच्या कमरेला असतात. सुट्टीला येणाऱ्यांना ही घरं भाड्यानं दिली जातात, कुणाला आठवडाभर, कुणाला पंधरा दिवस. मालक बेटावर राहत नाहीत, त्यामुळे पाहुणा गेला की चादरी काढणं, फरशी पुसणं, न्हाणीघर घासणं आणि नव्या पाहुण्याला शेगडीचं बटण कसं वळवायचं ते दाखवणं हे सगळं तिच्याकडे. बावीस वर्षं ती हे करते आहे आणि अजून एकदाही चावी हरवलेली नाही, हे ती स्वतःच सांगते.

या बेटावर पिकतं थोडं, बाकी सगळं बोटीतून उतरतं. त्यामुळे पाहुण्याचा पहिला दिवस ठरलेला. धक्क्यासमोरच्या काचेच्या दुकानात थंडगार हवा खायला शिरायचं आणि खिशाला कात्री लावून घेऊन बाहेर यायचं. चार दिवसांच्या मुक्कामाला अख्खी तेलाची बाटली, किलोभर मीठ, डबाभर साखर. जाताना त्यातलं निम्मं फडताळात राहून जातं. चावीबाईला या लोकांची फारशी दया येत नाही. पण कुणी नीट विचारलं तर ती हातचं राखून ठेवत नाही. टेकडीमागच्या बाजारात जा, मालाच्या बोटीच्या दिवशी दुपारनंतर जा, दबलेले बटाटे निम्म्या भावात मिळतात. अंडी विहिरीजवळच्या बाईकडून घ्या. मासळी उन्हं वर आल्यावर घ्या, तेव्हा कोळ्यांना घरी जायची घाई असते. शंभरात दोघं ऐकतात. बाकीच्यांना टेकडी चढायची नसते.

आणि फडताळात राहिलेलं चावीबाईचं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण पगाराइतकाच पक्का आहे. हंगामभर तिच्या घरी तांदूळ-डाळ विकत आणावी लागत नाही. लेक आणि ती, दोघींचं त्यावर चालतं.

त्या वर्षी हंगाम सरता सरता टोकाच्या सगळ्यात लहान घरात एक म्हातारं जोडपं उतरलं, ते थेट महिनाभरासाठी. काका काटकुळे, पण सदऱ्याची इस्त्री मोडलेली कधी दिसायची नाही. काकूंच्या अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि हे काकूंनीच पहिल्या दिवशी चावीबाईला सांगून टाकलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

"ह्यांना म्हटलं, आता मला दवाखाना दाखवू नका, समुद्र दाखवा. पण हॉटेलात नको. मला माझ्या हातानं रांधायचंय, आणि रांधताना खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे. एक महिना. बास."

खिडकी ओट्याच्या बरोबर वर होती. काकू स्टुलावर बसून कांदा चिरायच्या आणि चिरता चिरता बाहेर बघत राहायच्या. एक कांदा चिरायला त्यांना अर्धा तास लागायचा.

पाहुणा काय खातो हे चावीबाईला कचऱ्याच्या पिशवीवरून कळतं. पाचव्या दिवशी तिनं टोकाच्या घराची पिशवी उचलली आणि हाताला वजनच लागलं नाही. आत बिस्किटांचे कागद, चहाचा चोथा, दोन अंड्यांची टरफलं. तीन दिवसांचा कचरा होता तो.

त्याच दिवशी काकांनी तिला अंगणात गाठलं. आवाज खाली होता.

"बाई, महिना पुरा व्हायच्या आधी घर सोडलं तर राहिलेल्या दिवसांचं भाडं परत मिळतं का?"

"का हो काका? घरात काही कमी आहे का?"

"घर छान आहे. पण इथल्या दुकानाच्या भावात महिना निघायचा नाही. मी भाड्याचा हिशेब केला, खाण्याचा चुकला. हिला अजून सांगितलं नाही."

चावीबाईनं टेकडीमागचा बाजार सांगितला. पण जाऊन यायला दोन-अडीच तास, आणि तेवढा वेळ काकूंना एकटं कसं सोडणार? मी आणून देते, असं ती म्हणाली, तर काकांनी मान ताठ केली.

"तुम्ही कशाला? आमचं आम्ही बघू."

अशा माणसांचा चावीबाईला राग येतो. तिचा बाप असाच होता. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या घरांतलं उरलेलं घेऊन आली आणि न विचारता फडताळात मांडायला लागली. अर्धी पिशवी तांदूळ, मूठभर मसूर, बाटलीच्या तळचं तेल.

"हे काय?" काका म्हणाले.

"मागच्या पाहुण्यांचं. इथं पद्धतच आहे तशी. एकाचं उरलं की दुसऱ्याला. ठेवून काय करायचं, कीड लागते."

इतकं बेमालूम खोटं आपल्याला बोलता येतं हे तिला त्या दिवशी कळलं. मिठाची पिशवी फाटली होती, ती काकांनी तिच्या हातातून घेतली, खिशातून पांढरा दोरा काढला, दोन वेढे, एक फास आणि झटका. डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ बसली होती.

"चाळीस वर्षं किराण्याचं दुकान होतं," काकू स्टुलावरून हसून म्हणाल्या. "झोपेतसुद्धा पुड्या बांधायचे."

पुढचे दहा-बारा दिवस छान गेले. कचऱ्याची पिशवी जड व्हायला लागली. "इथले पाहुणे भारीच दिलदार बाई," काकू म्हणायच्या, "किती उरवून जातात!" चावीबाई फरशी आणखी जोरात पुसायची.

मग हंगाम संपला. बाकीच्या सहाही घरांना कुलपं लागली आणि उरणं थांबलं. तेव्हा चावीबाई टेकडी चढून बाजारात गेली, आपल्या पैशानं सामान घेतलं, प्रत्येक पिशवी फोडली आणि उरल्यासारखी दिसावी म्हणून प्रत्येकीतून दोन मुठी काढून ठेवल्या.

"आपल्या घरचा डबा खडखडतोय," लेक म्हणाली, "आणि तू तिकडं धान्य भरतेस."

"तू उपाशी झोपलीस का एक दिवस तरी?"

"अजून नाही," लेक म्हणाली.

एकविसाव्या दिवशी काका पायरीवर उभे होते. पायाशी तिनं आणलेल्या चारही पिशव्या ओळीनं मांडलेल्या.

"बाकीच्या घरांना कुलपं आहेत बाई. मग हे उरवलं कुणी?"

चावीबाई पिशव्यांकडे बघायला लागली.

"उरलेल्या मालाला शिस्त नसते," काका म्हणाले. "कुणाचा तांदूळ संपतो, कुणाची साखर तशीच राहते. ह्या चारही पिशव्यांतून सारखाच माल गेलाय. हातात धरल्या आणि कळलं मला. विहिरीजवळच्या बाईला विचारलं, इथं उरलेलं कुणाचं असतं. ती म्हणाली, चावीबाईचं." त्यांनी पिशव्या तिच्याकडे सरकवल्या. "म्हणजे इतके दिवस आम्ही तुमच्या ताटातलं खाल्लं. घेऊन जा हे."

तिनं पिशव्या उचलल्या. घरी जाताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. माणसाला घास द्यायला गेले आणि त्याला मान खाली घालायला लावली, हेच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

दोन दिवस कचऱ्याची पिशवी हलकी होती. बिस्किटांचे कागद, चोथा.

तिसऱ्या दिवशी ती घरामागं चादरी वाळत घालत होती. काका आले आणि तिच्याकडे न बघता दोरीशी उभे राहिले. त्यांच्या सदऱ्याला इस्त्री नव्हती.

"सकाळी ती म्हणाली, आवरायला घेऊया का. मी काही सांगितलं नव्हतं. तिला कळतंच." चावीबाईनं एक चादर टाकली, चिमटे लावले. "बाई," काका म्हणाले, "डाळ उरलीय का कुणाची?"

"उरलीय की," ती म्हणाली. "आत्ता आणते."

त्या दुपारी काकूंनी तीन ताटं वाढली. बावीस वर्षांत चावीबाई पाहुण्यांच्या घरात कधी जेवली नव्हती. ती अवघडून बसली. काकूंनी स्वतः चार घास जेमतेम खाल्ले आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"मीठ जास्त पडलं का गं?"

"छे. बेताचं आहे."

डाळ खारट होती. तिनं दोनदा मागून घेतली.

शेवटच्या आठवड्यात काकूंना ओट्यापाशी बसवेना. काकांनी खाट खिडकीखाली ओढली. काकूंच्या पोटात दोन चमचे मऊ भात जायचा, तोही काकांनी भरवलेला. सत्ताविसाव्या दिवशी, म्हणजे मालाच्या बोटीच्या दिवशी, काका म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो, तुम्ही बसाल हिच्याजवळ?" ते तीन तासांनी आले, घामानं निथळत, काखेत कापडी पिशवी. काकूंचा हात तिच्या हातात होता.

तिसाव्या दिवशी त्या दोघांनी घर सोडलं. ठरल्याप्रमाणे, एकही दिवस आधी नाही. काकूंना खुर्चीत बसवून धक्क्यावर नेलं. बोटीत चढवताना त्यांनी मान वळवून टोकाच्या घराची खिडकी शोधली आणि सापडली तेव्हा डोळे मिटले. काकांनी चावी परत दिली.

"घर एकदा बघून घ्या," ते म्हणाले. "काही राहिलं असेल."

बोट दिसेनाशी झाल्यावर ती परत आली. चादरी काढल्या, फरशी पुसली, आणि मग फडताळ उघडलं. तांदळाची पिशवी पाऊण भरलेली. मसूर निम्म्याहून थोडी कमी. साखर तळाशी ओंजळभर, तिच्यात एक ओला चमचा बुडवल्यासारखा खडा झालेला. तेलाची बाटली गळ्यापर्यंत. चहा जेमतेम चार कपांचा. एकीचं माप दुसरीशी जुळत नव्हतं. पाहुणे उरवून जातात अगदी तसंच उरलं होतं, कुणालाही खरं वाटावं असं.

पण ह्या तिनं आणलेल्या पिशव्या नव्हत्या, काकांनी बोटीच्या दिवशी काखेतून आणलेल्या होत्या, आणि तेव्हापासून त्या घरात मऊ भाताशिवाय काही शिजलं नव्हतं. आणि प्रत्येक पिशवीच्या तोंडाला पांढरा दोरा होता. दोन वेढे, एक फास. तेवढं मात्र काकांच्या हातांना लपवता आलं नव्हतं.

चावीबाई स्टुलावर बसली. खिडकीतून पाणी दिसत होतं. बऱ्याच वेळानं ती उठली, पिशव्या एकेक करून टोपलीत ठेवल्या, घराला कुलूप लावलं आणि घरी गेली.

"आता हंगाम नाही, पाहुणे नाहीत, आणि हे कुणाचं?" लेकीनं विचारलं आणि ती दोरा सोडायला लागली.

"राहू दे, मी सोडते सावकाश," चावीबाई म्हणाली. "पाहुण्यांचं उरलंय."