सोवळी प्रत

माझा पुतण्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतो. परवा म्हणाला, "काका, गिऱ्हाईकाला फाईल पाठवायच्या आधी कंपनीच्या आतल्या गोष्टी काढून टाकाव्या लागतात. फार किचकट काम!" मी म्हटलं, "बाबा रे, आम्ही ते ब्लेडनं करायचो." खरवडलेला चुरा रोज झाडला जायचा. किस्से मात्र कुणी झाडले नाहीत, ते साचतच गेले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. खालापूरजवळ आमचा पंपांचा कारखाना. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही चौघं: मुख्य ड्राफ्ट्समन लेले साहेब, ट्रेसिंग करणारी कशेळ्याची मंदा, प्रिंट काढणारे इस्माईलभाई आणि मी.

आमच्या पंपाची सगळी करामत आतल्या एका फटीत होती. पंप उघडला की ती फट हलायची, त्यामुळे मोजून कुणाला कळायची नाही. माप फक्त आमच्या ड्रॉइंगवर. "हे बाहेर गेलं तर दुसरा कुणीतरी हाच पंप स्वस्तात काढील, आणि आपल्या शेडला कुलूप!" असं साहेब येता-जाता बजावायचे.

म्हणून मूळ ड्रॉइंगची पारदर्शक नक्कल मशीनवर काढायची, तिच्यावरचं आतलं सगळं ब्लेडनं खरवडायचं, आणि तिची प्रिंट गिऱ्हाईकाला द्यायची. ही 'सोवळी' प्रत. कारखान्यातली ती 'ओवळी'. नावं साहेबांनी ठेवलेली, पण सोवळं कडक पाळायचे ते इस्माईलभाई!

*

एकदा साताऱ्याकडचे एक वयस्कर गिऱ्हाईक आले. चहा झाला. तेवढ्यात इस्माईलभाई आतून ओरडले, "साहेब, पाव्हण्यांना सोवळीच द्यायची ना? ओवळीला त्यांचा हात नाय लागला पायजे!"

पाहुणे ताडकन उठले. "अहो, मी पहाटे आंघोळ करूनच एसटीत बसलोय!"

*

ब्लेडनं खरवडलं की प्रिंटमध्ये तिथं निळसर ढग उमटायचा. तो ढग साहेबांना खपत नसे. "अजून खरवड, मंदा, अजून!" मंदानं एकदा इतकं खरवडलं की कागदाला भोक पडलं. मग मागून ठिगळ लावलं. प्रिंटमध्ये त्या ठिगळाचं छान गोल वर्तुळ आलं.

महिन्याभरानं गिऱ्हाईकाचा ट्रंककॉल आला. "तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे पंपाच्या चौथऱ्यात भोक ठेवलंय. त्यात बसवायचं काय?"

*

पेन्सिलीनं लिहिलेलं प्रिंटमध्ये येत नाही, अशी साहेबांची ठाम समजूत. मद्रासकडच्या एका साखर कारखान्याच्या ड्रॉइंगवर त्यांनी शेडमधल्या कामगारांसाठी बारीक अक्षरात लिहिलं, 'गिऱ्हाईक फार किरकिर करतंय, जाड वॉशर घाला.' ते तसंच गेलं, ठळक निळ्या अक्षरांत!

साहेब निर्धास्त. "मद्रासला मराठी कोण वाचतंय?"

उत्तर आलं ते शुद्ध मराठीत. त्यांच्या लॅबमध्ये सांगलीचा केमिस्ट होता. 'वॉशर जाडच घालावा. किरकिर चालू राहील.'

*

त्यानंतर साहेबांनी असा धसका घेतला की दिसेल ते खरवडायचं. एका ड्रॉइंगवरून पंप फिरायच्या दिशेचा बाणच गेला. तिकडे मोटर उलटी जोडली, पाणी काही वर चढेना.

मंदानं भोळा चेहरा करून विचारलं, "साहेब, बाण बी आतलीच माहिती होती का?"

*

आणि मग तो मुंबईचा माणूस आला. "माथेरानला चाललो होतो, वाटेत डोकावलो." माथेरानला जाणारा नेरळला उतरतो. त्याला खालापूर वाटेत कुठून लागलं? साहेबांनी ओळखलं, हा फटीचं माप न्यायला आलाय.

त्याला हाकलावं, तर तो दुसरी वाट शोधणार. साहेब आत येऊन मंदाच्या कानाशी लागले. "नकलेवर खोटं माप घाल. सुचेल तो आकडा घाल, पण मला सांगू नकोस, नाहीतर माझ्या तोंडून आपल्याच शेडमध्ये जायचा!" मंदानं घातला. इस्माईलभाईंनी प्रिंट काढली आणि चुकून दिल्यासारखी त्या माणसाच्या हातात ठेवली. गडी खुशीत गेला. तो दिसेनासा होताच साहेबांनी नक्कल मंदापुढे टाकली. "खरवड!" तिनं खरवडलं. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बटाटेवडे चारले.

वर्षभरात मुंबईवाल्याचा पंप बाजारात आला. आम्ही हसायला तयारच होतो. पण तो पंप आमच्यापेक्षा कमी आवाज करायचा आणि पाणी जास्त फेकायचा! आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली. शेडमधली अर्धी यंत्रं झाकून ठेवली. आम्हाला खरंच भीती वाटायला लागली.

साहेब मंदापुढे हात जोडून उभे राहिले. "आठव ना गं. काय आकडा घातला होतास?"

"नाय आठवत, साहेब. तुमीच म्हणालात, खरवड."

ती नक्कल शोधली, उजेडात धरली, भिंगाखाली धरली. मंदाचा हात एव्हाना इतका तयार झाला होता की ढगसुद्धा उरला नव्हता.

शेवटी इस्माईलभाईंचे मेहुणे कामाला आले. ते पनवेलच्या एका गिरणीत होते, आणि त्या गिरणीनं मुंबईवाल्याचाच पंप घेतला होता. पंपाबरोबर आलेलं ड्रॉइंग त्यांनी एका दिवसासाठी मागून आणलं. अख्खी शेड ऑफिसात जमली. इस्माईलभाईंनी गुंडाळी सोडली आणि कागद खिडकीत उजेडाला धरला.

सगळी मापं जागच्या जागी होती. फटीजवळ एक निळसर ढग होता.

मग इस्माईलभाईंनी कागदाची हळूच गुंडाळी केली.

"साहेब," ते म्हणाले, "सोवळी हाय."