पॅनेलांवरची फांदी

मांजलपुरातला आमचा गुजराती शेजारी घरीच मसाल्याची चक्की चालवतो. रोज सकाळी लुंगी खोचून गच्चीवरची सोलर पॅनेलं लेकरांना न्हाऊ घालावं तशी धुतो आणि वरून ओरडतो, "केम काका! धंदा वाढला, धूर नाही वाढला!" त्या विजेवर एका चक्कीच्या दोन झाल्या. माझा जन्म रिफायनरीच्या धुरात गेला. माझ्या पोटात दुखणारच. म्हणून आमच्या आंब्याची फांदी मी मुद्दाम त्याच्या पॅनेलांवर वाढू दिली. तो 'छाटा' म्हणाला की ठणकावून नाही म्हणायचं, असं ठरवलं होतं.

काल तो सावलीकडे बघत उभा राहिला. "राहू द्या काका, आंबापण उन्हावरच चालतो ने!" म्हणाला, आणि स्वतःच पॅनेलं पलीकडे हलवली.

मेल्याने मला नाहीसुद्धा म्हणू दिलं नाही.