हवाच तर जाते

बारावीनंतर मी सस्टेनेबिलिटी सायन्सच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा कासारवाडीतल्या आमच्या चाळीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, हे तर शाळेतलं ईव्हीएस. दुसऱ्याचं म्हणणं, ईव्हीएसची कोणी डिग्री देतं का, पोरगी फसली. ईव्हीएस म्हणजे पर्यावरणाचा तो विषय, ज्याची प्रोजेक्टची वही अख्खा वर्ग एकमेकांची बघून लिहायचा आणि ज्यात नापास व्हायला वेगळी हुशारी लागायची. शेजारच्या काकूंनी तर तोंडावरच विचारलं, "झाडं लावायला तीन वर्षं कशाला लागतात गं?" मी म्हणाले, "झाडं तुम्ही लावा काकू, ती जगतात का ते मी बघते." आईने मला आत ओढलं.

मला स्वतःला शंका अशी कधी आली नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत एवढ्या कंपन्या, प्रत्येकीत वीज जाते, पाणी जातं, पत्रा जातो. ते सगळं नक्की कुठे जातं हे विचारणारं माणूस आज ना उद्या लागणारच होतं, आणि ते माणूस मी असेन हे मी अठराव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. कोणी विचारो न विचारो, मी ते सांगतही सुटायचे.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर. गाड्यांच्या सीटखालचे पत्र्याचे भाग तिथे तयार होतात. बीडहून इकडे आल्यापासून त्यांनी ही एकच कंपनी धरली. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता, "मशिनीचं काही शिकवतेत का त्यात?" मी "सगळंच शिकवतात" असं ठोकून दिलं होतं.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करायची वेळ आली आणि माझ्या बढाईला अचानक बाजार मिळाला. पप्पांची कंपनी ज्या मोठ्या कंपनीला माल द्यायची, तिने सगळ्या पुरवठादारांना एक लांबलचक फॉर्म पाठवला. किती वीज लागते, किती वाया जाते, ती कमी करायला तुम्ही काय करता. मालकांनी तो मॅनेजरकडे दिला, मॅनेजरने तो टेबलावर ठेवला, आणि तिथे तो बरेच दिवस राहिला. शेवटी पप्पा बिचकत म्हणाले, आमची पोरगी हेच शिकायलीय. लगेच बोलावणं आलं. कॉम्प्रेसरच्या हवेची गळती मोजायची, असा विषय ठरला. काम नीट झालं तर परीक्षेनंतर इथेच घेऊ, असंही मॅनेजर बोलून गेले. वर्गात तोवर कोणालाही नोकरीचा शब्द मिळाला नव्हता. मला तर जग जिंकल्यासारखं झालं.

हवेचं गणित साधं आहे. कारखान्यात पत्रा घट्ट पकडायला, कचरा उडवायला दाबाची हवा लागते. ती कॉम्प्रेसर तयार करतो आणि त्यासाठी भरपूर वीज खातो. पाइप कुठे फुटका असेल, जोड ढिला असेल, तर ती हवा, म्हणजे ती वीज, दिवसभर फुस्स होत राहते. दिसत नाही, वास येत नाही, म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नाही.

पहिल्या दिवशी मी साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन पहिल्या शिफ्टमध्ये उतरले. जोडावर पाणी फवारायचं, बुडबुडे आले की गळती. पत्रा दाबणारे प्रेस धडाधड आपटत होते, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. कामगार हसत होते. एक जण ओरडून म्हणाला, "ताई, माझं मशीनपण धुऊन द्या!" संध्याकाळपर्यंत मला पाच गळत्या सापडल्या. पाच म्हणजे फारच कमी, म्हणून मी ऐटीत मॅनेजरना सांगून आले की तुमची कंपनी चांगल्या स्थितीत आहे.

परत येताना पप्पांच्या गाडीवर मागे बसले होते. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा पप्पा मान न वळवता म्हणाले, "मशिनी चालू असताना कशी ऐकू येईल हवा? गुरुवारी ये."

कंपनीची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी आत आम्ही दोघंच होतो, गेटवर वॉचमन. सगळ्या मशीन बंद. पप्पांनी फक्त कॉम्प्रेसर चालू केला, हवा सगळ्या पाइपांमध्ये सोडली आणि मला म्हणाले, "आता ऐक."

मी ऐकलं. चारही बाजूंनी सूंऽऽ असा आवाज येत होता. वर छतालगतच्या पाइपांतून, प्रेसच्या मागून, भिंतीकडून. एकही मशीन हवा वापरत नव्हतं, तरी कॉम्प्रेसर थोडा वेळ गप्प बसायचा आणि परत जोर लावायचा. वापर शून्य, म्हणजे त्याची सगळी मेहनत निव्वळ गळतीसाठी. तो किती वेळ जोर लावतो आणि किती वेळ गप्प बसतो एवढं घड्याळावर मोजलं की एकूण किती हवा वाया जाते ते कळतं. ही पद्धत आमच्या पुस्तकात होती. मी ती परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते आणि कारखान्यात पाऊल ठेवताच साफ विसरले होते. पप्पांनी ते पुस्तक पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

मग ते पुढे आणि मी मागे. त्यांनी जुन्या साडीच्या चिंध्या आणल्या होत्या. जिथे गळती तिथे एक चिंधी बांधायची. माझ्या बाटलीची गरज फक्त खात्री करायला. एका जोडावर चिंधी बांधताना ते म्हणाले, "ही तुझी दहावी होती तवापासून हाय." पुढच्या पाइपाला, "ही तुझ्या बारावीच्या वर्षीची." मला वाटलं गंमत करताहेत. पण ते गंमत करत नव्हते.

"मग बदलला का नाही पाइप?"

"लाइन बंद करावी लागते. सामान लागतं. सांगितलं होतं की मॅनेजरसाहेबांना. म्हणले, हवाच तर जाते, तेल थोडंच सांडायलंय."

त्या दिवशी सत्तावीस चिंध्या बांधल्या. कॉम्प्रेसरच्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाया जात होता. घरी येऊन मी जोमाने इंग्रजीत रिपोर्ट लिहायला बसले आणि बेधडक लिहिलं, 'आम्ही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्वेक्षण केले.' आम्ही म्हणजे कोण, ते लिहावं असं मला सुचलंही नाही. शेवटी एक ओळ होती, सहकार्याबद्दल कर्मचारीवर्गाचे आभार. माझे जन्मदाते वडील त्या कर्मचारीवर्गात बसवून मी मोकळी झाले.

वरच्या मजल्यावर मालकांच्या केबिनमध्ये मी ते सगळं सादर केलं. मालक, मॅनेजर, आमच्या कॉलेजच्या मॅडम, आणि दाराशी पप्पा. खुर्ची रिकामी असूनही ते उभेच होते. मी झकास बोलले, याबद्दल मला आजही शंका नाही. मालक खूश झाले. म्हणाले, "हा शिक्षणाचा फरक. आमच्या मेंटेनन्सला इतकी वर्षं हे दिसलं नाही." मग पप्पांकडे वळून, "बघा, पोरीकडून शिका जरा."

पप्पा हसले. खरंच आनंदाने हसले आणि म्हणाले, "व्हय साहेब."

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. ज्या माणसाने मला बोट धरून प्रत्येक गळती दाखवली, तो माझ्या कौतुकासाठी बिनडोक ठरायला तयार होता, आणि ही वेळ त्यांच्यावर मी आणली होती. नोकरीचा शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता. तोंड बंद ठेवलं असतं तर तो पक्काच होता.

मी म्हणाले, "सर, ही सत्तावीस ठिकाणं मी शोधलेली नाहीत. एकटीला मला पाचच सापडली होती. सत्तावीस पप्पांनी दाखवली. त्यांना ती आधीपासून माहीत आहेत, आणि त्यांनी ती सांगितलीही होती. हवाच तर जाते, असं उत्तर मिळालं."

मॅनेजर लॅपटॉपमध्ये शिरले. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मालकांनी विचारलं, "असं कोण म्हणालं?" पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी मी हौदात चप्पल टाकली तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. "जाऊ द्या साहेब, जुनी गोष्ट हाय," ते म्हणाले.

मालक उठले. "चला, दाखवा मला."

खाली शिफ्ट चालू होती. चिंध्या केव्हाच काढून टाकल्या होत्या, आवाजात काही ऐकू येत नव्हतं. पप्पा पुढे झाले. ते फक्त हाताने दाखवायचे, इथे, आणि मालक तिथे तळहात धरायचे. दरवेळी हवा लागायची. दहा-बारा ठिकाणं झाल्यावर मालकांनी हात धरायचं सोडून दिलं आणि पप्पांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाइप कोणता घ्यायचा, किती वेळ लागेल, कुठून सुरुवात करायची. पप्पा त्यांच्या कानाशी वाकून उत्तरं देत होते. मी मागे वही घेऊन चालत होते.

परतीच्या वाटेवर मात्र पप्पांनी मला फैलावर घेतलं. "मॅनेजरसमोर बोलायचं कळत नाही का? मला रोज तिथं जायचंय." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या नोकरीचं नाव मॅनेजरनी परत काढलं नाही. ते मी धरूनच चालले होते. पुढे मला दुसरीकडे मिळाली आणि मी अजून हेच काम करते.

रिपोर्ट कॉलेजात द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी पद्धतीचं पान नव्याने लिहिलं आणि पप्पांना ऐकवायला बसले. रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. गळतीची सर्व ठिकाणं कंपनीच्या मेंटेनन्स फिटरने स्वतःच्या माहितीवरून दाखवली. पुढे त्यांचं पूर्ण नाव. चाचणी सुट्टीच्या दिवशी घ्यावी, ही सूचना त्यांचीच. या गळतीबद्दल त्यांनी व्यवस्थापनाला पूर्वी कळवलं होतं.

पप्पा टॉवेलने हात पुसत उभे होते. "तुझे मार्क कापतील," ते म्हणाले.

"कापू देत."

त्यांनी टॉवेल खुंटीला टाकला. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि न वाचता येणाऱ्या त्या पानावर शेवटच्या वाक्याखाली बोट ठेवलं.

"पूर्वी कळवलं, असं नको," ते म्हणाले. "चारदा सांगितलं होतं. चारदा लिही."