मीटरवाले आणि कोळ्यांची कुळं

विजेचे मीटर वाचायचं काम, म्हणून सगळे त्यांना मीटरवालेच म्हणत. रोज दीडशे पेट्या उघडायच्या, आकडा टिपायचा, पुढच्या दाराशी जायचं. झाकण उघडलं की आत कोळी हमखास. आधी ते फुंकर मारून जाळं उडवून देत. मग एकदा लागोपाठ तीन पेट्यांत तीन तऱ्हेचे कोळी निघाले: एक काडीसारख्या पायांचा, एक टुणटुण उड्या मारणारा, एक भिंतीला चपट चिकटलेला. त्या दिवशी मीटरवाल्यांनी एक वही विकत घेतली.

शास्त्रातली नावं ठाऊक नव्हती, म्हणून नातलगांची आणि शेजाऱ्यांची दिली. हात लावताच थरथरणारे ते सासरेबुवा. उड्या मारणारा, काळाभोर, ते शेजारचे काका. उड्या मारणारीच, पण करडी, ती थोरली आत्या. अंड्यांची पिशवी क्षणभरही खाली न ठेवणारी आणि कोणी जवळ आलं की पाय उगारणारी, त्या सासूबाई.

सासूबाई चार दिवसांसाठी लेकीकडे आल्या आणि दुसऱ्याच दिवशी वही त्यांच्या हाती लागली. मीटरवाले कामावरून आले, तेव्हा त्या चष्मा लावून नेमकं तेच पान वाचत होत्या. बायकोने भाजी चिरण्यात डोकं घातलं.

"ही बाई राहते कुठे?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

सकाळी त्या जावयाबरोबर निघाल्या. एका कुंपणाकडेच्या गवतात त्यांना तसल्या दोघी सापडल्या. सासूबाईंचा जन्म शिवणकामात गेलेला, नजर सुईच्या नेढ्यातून जाणारी. भिंग घेऊन त्या बराच वेळ उकिडव्या बसल्या.

"जावईबापू, या दोघी एका घरच्या नाहीत. हिने पिशवी मागे बांधलीय, तिने तोंडात धरलीय."

खरंच तसं होतं. दोन वर्षं मीटरवाले दोघींना एकाच पानावर लिहीत होते. त्यांच्या फेरीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहत. त्यांनी वही पाहिली, बाटलीत घालून नेलेल्या दोघींचे डोळे मोजून दाखवले. आठ-आठच, पण एकीचे दोन टपोरे, दुसरीचे जवळपास सारखे. दोन वेगळी कुळं, असं त्या म्हणाल्या, आणि सासूबाईंना खुर्ची दिली.

सासूबाईंच्या चार दिवसांचे तीन आठवडे झाले. तिघांनी मिळून वही नव्याने लावली. सदतीस जातींच्या एकोणतीस उरल्या, कारण बरेच वेगळे वाटलेले कोळी एकाच जातीचे नर-मादी होते. त्यात शेजारचे काका आणि थोरली आत्या यांची जोडी निघाली. हे आत्याला कळवायचं नाही, असं घरात एकमताने ठरलं.