काकांची पिवळी पट्टी

अंबरनाथच्या एका कारखानदाराने आमच्या काकांना फसवले. मी सांगतो, कारण काका स्वतः कधीच सांगणार नाहीत. त्यांच्याइतका फसवायला सोपा माणूस उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत सापडणार नाही. ते माझ्या नात्यातले नाहीत. केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन बदलापूर गावात राहतात आणि जखमेवर बांधायचे जाळीदार कापड उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या माझ्या दुकानातून नेत. मी फुटपाथवर चिंध्या विकून वर आलो. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला संशयच येतो. काका तर भाव ऐकून विचारत, "एवढ्यात परवडतं का हो तुम्हाला?"

त्या कापडावर ते चांदीचे कण चढवत, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. त्याने जंतू मरतात. कापडाच्या चाचणीसाठी त्यांना शिळा पाव लागे. समोरचा सिंधी बेकरीवाला कळवळून म्हणे, "साईं, ताजा लो ना!" काका अजिजीने म्हणत, "कालचा द्या. परवाचा असेल तर फारच छान." एक तुकडा साध्या कापडात, एक चांदीच्या; बुरशी फक्त साध्यातल्यावर चढे. घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी बुरशी पाहावी लागे. काकू म्हणत, "लोकांकडे नातवंडांचे फोटो दाखवतात, आमच्याकडे हे!"

चांदी बसली की कापड पिवळट पडते. घात झाला तो तिथे. आमच्या बाजारात पट्टी पांढरीशुभ्र नसली तर जुना माल म्हणून परत येते. काकांनी कारखानदाराला आपली कृती दिली तेव्हा बजावले होते, "साहेब, रंग घालवू नका. पिवळी आहे म्हणूनच ती औषधी आहे." तो हसला, "काका, केमिस्ट्री तुमची, मार्केट माझं." त्याने तयार माल रंग उडवणाऱ्या पेरॉक्साइडमध्ये धुतला. पिवळेपणा गेला, चांदीही गटारात गेली. पाकिटावर मात्र 'चांदीची पट्टी' असे छापले आणि खाली काकांचे नाव. मी कारखान्यात जाऊन आरडाओरडा केला, "निदान नाव तरी काढ!" तो म्हणे, छापून झालंय.

पुढे अंबरनाथ पूर्वेच्या एका दवाखान्यात काका आणि मी गेलो होतो. डॉक्टरांनी कौतुकाने ओळख करून दिली, "चांदीच्या पट्टीवाले काका हेच." बाकावरची एक बाई उठली. मधुमेहात तिच्या नवऱ्याचा पाय कापावा लागला होता. "तुमचीच पट्टी बांधली हो आम्ही," ती म्हणाली, "मोठ्या विश्वासानं." खरी पट्टी असती तर पाय वाचला असता का, मला ठाऊक नाही. काकांनाही नाही, आणि तेच त्यांना आतून खाते. 'ती माझी नव्हती' एवढे त्यांनी म्हटले असते तरी पुरे होते. त्यांनी हात जोडले आणि माफी मागितली.

तेव्हापासून काका घराबाहेर फारसे पडत नाहीत. मी गेलो की ओट्यावर जागा करून देतात, काकूंना चहा टाकायला सांगतात आणि अंगणाकडे बघत बसतात. विषय काढला की म्हणतात, "जाऊ द्या हो."

मी जाऊ देणार नाही. हात जोडायचे होते ते तू, कारखानदार शेठ. त्या बाईच्या दारात जा, तिच्या नवऱ्यासमोर बस आणि सांग, 'पट्टी काकांची नव्हती, माझी होती.' घर मी दाखवतो, रिक्षाही मीच करतो. बोल, कधी येतोस?