आत्याच्या मरणाची बातमी

आत्या पिशव्या शिवायची. जाड कापडाच्या, खांद्याला अडकवायच्या. पिशवी शिवून झाली तरी पट्टा ती पक्का करत नसे. गिऱ्हाइकाने आपलं रोजचं सामान घेऊन यायचं, पिशवीत भरायचं, कच्च्या टाक्यांवरचा पट्टा खांद्याला लावायचा आणि दुकानाच्या दारापासून मागच्या खिडकीपर्यंत चालून दाखवायचं. कोणाचा खांदा उतरता, कोण पिशवी पोटाशी धरून चालतो, हे आत्या बघत बसायची. मगच पट्टा पक्का व्हायचा. ती पिशवी घेतलेला माणूस दुसऱ्या पिशवीचं नाव काढत नसे.

आता तुम्हीच सांगा, अशा बाईच्या दारात रीघ लागायला हवी की नको? पण वर्षानुवर्षं तीच ती माणसं यायची, तोंडभरून कौतुक करायची आणि निघून जायची. नवा चेहरा औषधालाही नाही. शेवटी आत्याने ठरवलं, महिनाअखेरीला दुकान बंद करायचं आणि तयार कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडायला जायचं. हे सांगताना ती हसली. मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

मला नसत्या चौकशांचा नाद आहे, असं घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. एवढं कौतुक तोंडातून निघतं ते पुढे जातं कुठे, हे कोडं मला स्वस्थ बसू देईना.

वाचनालयाच्या बाई आत्याच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. त्या मला ओळखत नव्हत्या. मी तिथे गेले, एक पुस्तक घेतलं आणि त्यांच्या खुर्चीला लटकलेली पिशवी कुठे मिळाली, असं साळसूदपणे विचारलं. बाईंनी पिशवी हळूच जवळ ओढली.

"शिवणारी एक होती," त्या म्हणाल्या. "वारली बिचारी."

त्या बिचारीने मला सकाळीच चहा पाजला होता.

मग मी पिशवी दिसेल त्याला गाठायचा सपाटाच लावला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी ती म्हणे परगावाहून आणली होती. दवाखान्यातल्या नर्सला ती भेट मिळाली होती, कोणाकडून ते आठवत नव्हतं. थापा मारताना सगळ्यांचा हात मात्र पट्ट्यावर घट्ट.

आत्याला सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. मग एवढी आवडते मी त्यांना, असं म्हणून तिने डोळे पुसले. मला मात्र भयंकर राग आला होता.

त्याच आठवड्यात बाई पिशवीचं अस्तर बदलायला आल्या. मला तिथे बघून त्यांचा चेहरा पडला. आत्याने पिशवी हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "बाई, मी कशाने गेले?"

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "तुमच्याकडे गर्दी झाली असती, तर माझ्याकडे एवढं बघायला तुम्हाला वेळ कुठला? म्हणून कोणाला सांगितलं नाही. सांभाळून ठेवलं तुम्हाला."

"सांभाळता सांभाळता मारलंत की मला," आत्या म्हणाली. "महिनाअखेरीला दुकान बंद होतंय."

बाई पिशवी आत्याच्या हातात तशीच सोडून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात पुस्तकाबरोबर आत्याचा पत्ताही मिळायला लागला. वारलेली बाई उठून बसली कशी, याचा खुलासा बाईंनी लोकांना काय केला कोण जाणे. मी खोदून खोदून विचारलं, पण त्यांनी दाद लागू दिली नाही. लोक मात्र येऊ लागले. कोणी फायली घेऊन, कोणी हातोड्या-पकडी घेऊन. एक जण तर मांजर घेऊन आला. महिनाअखेर आली आणि गेली, दुकान उघडंच राहिलं.

मग एका संध्याकाळी बाई आपली पिशवी न्यायला आल्या. बाकावर जागा नव्हती, त्या उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा आत्या ओशाळली.

"अस्तर व्हायचंय अजून. या महिन्यात नाही जमायचं, बाई. पुढच्या महिन्यात बघू."

हे वाक्य आत्याने उभ्या जन्मात कोणाला ऐकवलं नव्हतं. बाई बरं म्हणाल्या, आणि पुस्तकांचा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी गेल्या.